मेन स्विच

आमच्या ह्यांना स्वस्थ बसणं माहीतच नाही. जेवताना एक पाय हलत असतो आणि झोपेतही एक कान टाकीकडे असतो. आयुष्यभर कारखान्यात वायरमन होते, तिथे सगळे ह्यांना ‘करंट’च म्हणायचे. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्या लावतात, पत्ते खेळतात. ह्यांनी बाहेरच्या खोलीत समुद्र आणून ठेवला. खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि सदा रुसल्यासारखी कोपऱ्यात बसणारी एक कोळंबी. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग लेकीला मुलगी झाली. लेक राहते लांब, दिवसभराच्या प्रवासावर. बाबा कधी येणार म्हणून ती फोनवर विचारायची आणि हे दर वेळी नवी सबब काढायचे. खरी गोष्ट एकच होती. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. वीज गेली की पंप थांबतो, पाणी हलायचं थांबतं आणि मासे गुदमरतात. शेवटी मी सांगून टाकलं, की मी चालले, तुम्ही बसा माशांना जोजवत. तेव्हा कुठे हे हलले.

हलले म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप आणला. उठता-बसता प्लग उपटून बुडबुडे येतात का ते बघायचे. मोठा पंप थांबला की वरच्या टाकीतलं थोडं पाणी तिच्याखालच्या, पाणी गाळायच्या टाकीत उतरतं, तिथे तेवढी जागा लागते. तेही करून पाहिलं आणि जागा कमी पडली. खारं पाणी फरशीतून झिरपलं ते थेट खालच्या शिंप्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटावर. शिंपी तावातावाने वर आला. चूक ह्यांचीच, पण कबूल करतील तर शपथ. उलट त्यालाच विचारलं, कोट छताखाली टांगलाच कशाला? आता दुकानात छताखाली नाही तर कुठे टांगणार बिचारा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

निघायच्या आधी मी म्हटलं, किल्ली शिंप्याकडे ठेवू या. तर माझ्यावरच खेकसले. त्या माणसाचा पाय माझ्या घरात पडणार नाही, म्हणाले. ह्यांच्याशी डोकं लावण्यात अर्थ नसतो.

सकाळी ह्यांनी खालच्या टाकीतलं पाणी कमी केलं, आपोआप खाणं टाकणारी डबी भरली, ऊब टिकावी म्हणून माझी चांगली शाल टाकीच्या पाठीला बांधली. बॅटरी पुन्हा तपासली. मग गॅस, नळ, खिडक्या, नेहमीची फेरी झाली. कुलूप ओढून पाहिलं, जिना उतरले, परत वर जाऊन पुन्हा ओढून पाहिलं.

बसमध्येही चुळबुळ चालूच. वीज गेली असेल का, गेली तर किती वेळ गेली असेल. मी खिडकीकडे तोंड करून बसले. दुपारी पुढच्या सीटवरची बाई फोनवर कुणाला तरी विचारत होती, निघताना दिवे बंद केलेस ना? आणि ह्यांचा पाय हलायचा थांबला. मी वळून पाहिलं तर चेहरा पांढराफटक.

“अगं, मी मेन बंद केला.”

घर बंद करताना मेन बंद करायचा, हे ह्यांनी जन्मभर जगाला शिकवलं. जळालेल्या वायरी पाहिलेला माणूस. हातानेच केलं, डोक्याला पत्ता नाही. बॅटरी फार तर संध्याकाळपर्यंत पुरणार आणि परत फिरलो तरी घरी पोचायला रात्र. दोन्ही किल्ल्या ह्यांच्याच खिशात. ह्यांना रडू आवरेना. मला इतका राग आला होता, पण ते तोंड बघून मी पिशवीतून फोन काढला.

माझे कपडे शिंपीच शिवतो, नंबर होता. मी फोन लावून ह्यांच्या हातात दिला. हे एवढंच म्हणाले, “कुलूप तोडा.”

शिंप्याने एका शब्दानेही काही विचारलं नाही. फोन चालूच ठेवला, इकडे मी स्पीकर लावला. आम्ही जिन्यावरची पावलं ऐकली, हातोडीचे घाव ऐकले. ह्यांनी मेन कुठे आहे ते सांगितलं. खट्. आणि मग पाण्याचा खळखळाट, तोच, ज्याने माझी इतकी वर्षं झोप मोडली. मी फोनला कान लावून बसले.

“दोन्ही फिरतायत,” शिंपी म्हणाला. “कोळंबी कोपऱ्यात आहे, हलत नाही.”

“ती तशीच असते,” मीच बोलून गेले.

कुलूप तर गेलं, आता दाराचं काय करू, त्याने विचारलं. ह्यांनी डोळे पुसले.

“राहू दे उघडं. तुम्ही येत-जात असा,” हे म्हणाले. “आणि त्या कोटाचं... चूक माझी होती.”

त्यावर शिंपी म्हणाला, की शिवायचं मशीन वरच घेऊन येतो, टाकीजवळच शिवत बसतो, म्हणजे वीज गेली तर लगेच कळेल. हे बरं म्हणाले, फोन माझ्याकडे दिला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. लेकीचं गाव येईपर्यंत उठले नाहीत.