चष्मा काढून वाचणाऱ्या सुमनताई

छापलेलं काहीही हातात आलं की माणसं चष्मा लावतात, सुमनताई काढायच्या. कागद हातभर लांब धरायचा, डोळे बारीक करायचे आणि मग निकाल द्यायचा. महाडच्या एका छापखान्यात त्यांनी आधी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, पुढे संगणकावर लग्नपत्रिका केल्या. शेजारच्या गाळ्यात मी वेबसाइटी करायला बसले तेव्हा त्या निवृत्तीला आल्या होत्या आणि मला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती.

पहिलं मोठं काम एका दवाखान्याचं मिळालं. साप चावला तर काय करायचं, लस कुठे मिळेल, हे वरंधकडच्या वाड्यांतल्या माणसालाही वाचता यायला हवं होतं. मी एक सडपातळ, देखणा फॉन्ट निवडला आणि त्याला फिकट राखाडी रंग दिला. माझ्या नव्या लॅपटॉपवर पान असं खुललं की निव्वळ कौतुक ऐकायला मी ताईंना बोलावलं.

त्यांनी चष्मा काढला. "छान हाय. पण हे तुझ्या घरातलं झालं. पोलादपूरला नेऊन बघितलंस?"

नेलं. त्यांच्यासोबत, बसने, कुरकुरत. तिथे त्यांच्या भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या संगणकात माझा फॉन्ट नव्हताच. संगणकाने आपल्या मनाने दुसराच लावला होता. जोडाक्षरं विसकटली होती, वेलांट्यांची डोकी छाटली गेली होती.

"संगणकच जुना आहे," मी म्हटलं.

"साप चावल्यावर माणूस नवा घ्यायला जाणार हाय का गो?"

मग स्टँडबाहेर, भर उन्हात, भाजी विकणाऱ्या एका बाईंना ताईंनी त्या बाईंच्याच फोनवर ते पान उघडून दिलं. बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि ओशाळून म्हणाल्या, "चष्मा घरी राह्यला."

परतीच्या बसमध्ये ताईंनी आधी दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "चष्मा तिच्या गळ्यात होता, बघितलास ना? वाचता नाय आलं की माणूस स्वतःलाच दोष देतो. चूक तुझी आणि लाज तिला."

इतकं कुणी मला कधी सुनावलं नव्हतं. मी पान नव्याने केलं. बहुतेक सगळीकडे असतो तो साधा फॉन्ट घेतला, आणि तो नसेल तर कुठले चालतील त्यांची नावं मागे जोडली. अक्षर मोठं आणि काळं केलं, ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडली.

"फारच साधं दिसतंय हो," मी कुरकुरलेच.

"पत्रिका नाय ती. वाचणाऱ्याचा हात थरथरत असणार."

पुन्हा पोलादपूरला जायच्या दिवशी ताई इस्पितळात होत्या. मी एकटीच गेले. झेरॉक्सच्या दुकानात पान नीट उघडलं. भाजीवाल्या बाईंनी फोन हातात घेतला आणि मोठ्याने वाचत सुटल्या, "घट्ट बांधू नका. चिरा देऊ नका. लगेच दवाखान्यात न्या." शेवटच्या फोन नंबरापर्यंत वाचलं. मी तिथूनच ताईंना फोन लावला.

"चष्मा लावला होता तिनं?"

"नाही. गळ्यातच होता."

"मग चढव पान."

ते आमचं शेवटचं बोलणं. धंद्यातलं मला जे खरोखर येतं, ते ताईंनी दिलेलं आहे. त्यांच्यानंतर मलाही चष्मा लागला. नवं पान तयार झालं की मी आधी तो काढते, आणि मग पोलादपूरची बस पकडते.