तुळशीरामच्या सहा डिस्का आणि पंजाबरावांची टोपी

डोणगावात लग्नाची तारीख धरताना भटजीच्या आधी तुळशीरामला फोन जातो. तो त्या दिवशी दुसऱ्या गावी गुंतलेला असला तर मुहूर्तच चार दिवस पुढे सरकतो. पंचवीस वर्षांपासून हा माणूस आमच्या भागातल्या लग्नांचं शूटिंग करतोय. फ्लॅश पडला की डोळे मिटणाऱ्या नवरदेवाला "ओ पाहुणे, आता काऊन झोपून राह्यले? लय आयुष्य पडलं झोपाले!" असं भर मांडवात सुनावण्याचा हक्क त्याच्या एकट्याकडे आहे, आणि नवरीकडचे त्यावर खुशाल हसतात.

मी त्याचा शेजारी. हायस्कुलात गणित शिकवतो. माझं डोकं लवकर तापतं असं पोरं म्हणतात, आणि ते खरं आहे. तुळशीरामपुढे मात्र माझ्या तापण्याचा काही उपयोग होत नाही, कारण तो ऐकतच नाही.

त्याला एक खोड आहे. बाकीचे शूटिंगवाले तीन तासांची डीव्हीडी कापून देतात आणि उरलेलं पुसून टाकतात. हा काहीच पुसत नाही. वरातीत बँडवाला शिंकला तरी ती शिंक याच्याकडे जपलेली. आधी टेपा होत्या, त्यांना बुरशी लागली. मग सगळं हार्ड डिस्कवर उतरवलं. अशा एकतीस हार्ड डिस्का, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यातल्या चार एकाच आठवड्यात गेल्या. तुळशीराम दोन दिवस जेवला नाही. "लोकायचे लग्नं हाय सर," म्हणाला, "आपल्या घरची वस्तू असती त सोडून देल्ली असती." मला त्या दिवशी त्याचा फार अभिमान वाटला, पण मी तसं बोललो नाही.

महिनाभरात त्याने संभाजीनगरच्या कुठल्याशा कंपनीतून निघालेला जुना सर्व्हर आणला. पुढे सहा खण, प्रत्येक खणात एक डिस्क. सहा डिस्का मात्र कोऱ्या घेतल्या. हा सर्व्हर म्हणजे नुसतं साठवण्याचं यंत्र, तो चालवायची प्रणाली इंटरनेटवर फुकट मिळते, ती त्याने पेन ड्राइव्हवर उतरवून घातली. मग पडद्यावर जे इंग्रजी आलं ते वाचायला मला बोलावलं.

सहा डिस्कांचे सहा डबे वेगळे न ठेवता त्यांचा एकच मोठा साठा करायचा, त्याला इंग्रजीत पूल म्हणतात. तो कसा बांधायचा ते यंत्र विचारत होतं. सगळी जागा वापरली तर चोवीस टेराबाइट मिळत होते, पण मग एक डिस्क गेली की सगळंच गेलं. दोन डिस्कांएवढी जागा राखून ठेवली तर सोळाच, पण कोणत्याही दोन मेल्या तरी केसालाही धक्का नाही.

"चोवीस भेटून राह्यले त सोळा काऊन घ्याचे?" तुळशीराम म्हणाला.

मी समजावलं. परत समजावलं. तिसऱ्यांदा माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. दारात गहू निवडत बसलेल्या त्याच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी, सूप खाली ठेवलं.

"सावड हाय ना ते," त्या म्हणाल्या. "सहा घरायची सावड. दोघं बिमार पडले त बाकीचे चौघं त्यायचं वावर पेरून देतात. पण मंग त्या चौघायनं आपला सारा दिस आपल्याच वावरात घालून चालते का?"

"अस्सं बोला ना मंग!" तुळशीराम माझ्याकडे वळून म्हणाला आणि सोळावर बोट दाबलं. माझं बी.एड. तिथल्या तिथे पाण्यात गेलं. साठ्याला नावही सावडच दिलं. शेवटी यंत्राने बजावलं की या डिस्कांवरचं सगळं पुसलं जाईल. डिस्का कोऱ्या होत्या, तरी त्याने ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

सगळं आत भरायला एकोणीस दिवस लागले. त्यानंतर ज्या जुन्या डिस्का चालू होत्या त्या याने पुसून नव्या लग्नांच्या कामाला लावल्या. मी म्हटलं, अरे, एक प्रत राहू दे. "माल घरात आला की कोठी झाडून घ्याची असते सर," म्हणाला. मी तापलो. तो हसला आणि चहा सांगितला.

आता आशाबाईंचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. त्या आमच्याच गल्लीतल्या. दोन हजार आठ साली त्यांच्या थोरल्या मुलीचं, सुचिताचं लग्न झालं. आमच्याकडे लग्नात माइकवरून नाव पुकारून नातेवाइकांना टोपी-दुपट्टा देतात. हा मान चुकला तर माणूस पंगत सोडून उठतो. आशाबाईंचे थोरले भाऊ, उंद्रीचे पंजाबराव, म्हणजे नवरीचे सख्खे मामा, तेच टोपीविना राहिले. "माह्या नावाचा पुकारा झालाच नाही," हे त्यांचं म्हणणं. "दोनदा झाला," हे आशाबाईंचं. डीव्हीडीत बघावं तर नेमक्या त्या जागी तुळशीरामने गाणं टाकून वर गुलाबाची फुलं उडवलेली. पंजाबरावांनी ती डीव्हीडी बघितली आणि बहिणीच्या दाराची पायरी सोडली. सोळा वर्षं झाली.

आता धाकट्या निशिगंधाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं. नवरीला बोहल्यावर मामा आणतो. निशिगंधाने सांगून टाकलं होतं, "मामा आला नाई त मी माह्या पायानं बोहल्यावर जात नाई." आशाबाईंची झोप उडाली. त्या तुळशीरामकडे आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वैनी, फुलाखालचं सारं माह्यापाशी हाय." पंजाबरावांना निरोप गेला. त्यांचं उत्तर आलं: दसऱ्याला येतो, सोन्याचा दिवस आहे म्हणून येतो, पण दिसलं नाही तर पुन्हा या जन्मात विषय काढायचा नाही.

दसऱ्याच्या दुपारी मी आपट्याची पानं घेऊन तुळशीरामकडे गेलो. तो गावात सोनं वाटून माझ्या मागोमागच आला. समोरच्या खोलीत पाटावर पूजा मांडलेली होती. विळा, कॅमेरे, शिवणकामाची कात्री, आणि त्यांच्यापुढे ओळीने सहा डिस्का. प्रत्येकीला हळदकुंकू, वर अक्षता, वर झेंडूचं फूल. मांडणी इतकी नेटकी होती की क्षणभर मला छानच वाटलं.

तुळशीरामच्या हातातली पानं खाली पडली. "अवं, हे काय केलं?"

"पूजा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मांगच्या साली मी डब्ब्याले कुंकू लावलं त तुमीच वरडले, डब्ब्याले काय लावतं, जीव आतमधी हाय. मंग या साली आतलं काढलं."

"बंद केल्तं का आधी?"

"एक काढली त ते पींपीं बोंबललं. मंग बटन दाबून बंद केलं."

"कोणती कुठची होती, ध्यान हाय का?"

"सहाही सारख्याच दिसतात बाप्पा."

जीव आत आहे हे शब्द त्याचेच होते. तेवढ्यात पंजाबरावांचा फोन आला, ते मेहकरपर्यंत पोचले होते. तुळशीराम पाटाशेजारी बसला आणि लहान आवाजात म्हणाला, "सर, सारं गाव हाय हो याच्यात."

खरं सांगतो, माझीही पाचावर धारण बसली होती. पण मी कधीतरी वाचलं होतं की प्रत्येक डिस्क आपण कोणत्या साठ्यातली ते स्वतःवरच लिहून ठेवते. खण बदलले तरी बिघडत नाही. ते मी पाढा म्हटल्यासारखं ठणकावून सांगितलं. रंगाच्या कोरड्या ब्रशने आम्ही हळद झटकली, हाताला येईल ती डिस्क येईल त्या खणात बसवली आणि बटण दाबलं. अन्नपूर्णाबाईंनी देवापुढे हात जोडले. पडदा उजळला. पाच डिस्का दिसल्या. सहावी नाही.

"दोन बिमार चालतात," अन्नपूर्णाबाई मागून म्हणाल्या. "आपली त एकच हाय."

आणि खरंच, पिवळी सूचना दाखवत का होईना, साठा उघडला. सगळी लग्नं जागच्या जागी. तुळशीरामने सहावा खण ओढून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर डिस्कच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा. तो टाचणीने काढला, तेव्हा तीही ओळखू आली. तुळशीराम बायकोवर रागवायला वळला, पण रागवायचं सोडून हसतच सुटला.

पंजाबराव आले ते पाणीही न घेता खुर्चीवर बसले. आशाबाई समोर, तोंड भिंतीकडे. तुळशीरामने न कापलेलं शूटिंग लावलं. माइकवर आवाज आला: "नवरीचे मामा, पंजाबराव, उंद्री!" एकदा. परत एकदा. कोणी आलं नाही. मग चाळिशीच्या आशाबाई बायकांच्या घोळक्यातून उठल्या. हातात टोपी-दुपट्टा. "दादा, ओ दादा!" करत पंगतीतून, आचाऱ्यांमधून, मांडवाबाहेर. कॅमेरा त्यांच्या मागे. कुणी हात धरून थांबवलं तर झिडकारून पुढे. शेवटी मांडवाच्या खांबाला टेकून त्यांनी त्याच दुपट्ट्याने डोळे पुसले आणि परत फिरल्या. त्यानंतर वीसेक मिनिटांनी, टोप्या वाटून झाल्यावर, फाटकातून पंजाबराव आत आले, खांद्यावर पाण्याचा पाइप, कंबरेपर्यंत चिखल. पंगतीचा टँकर नाल्यात फसला होता, तो काढायला हा माणूस कुणाला न सांगता गेला होता.

"मांग घे," पंजाबराव म्हणाले. तुळशीरामने मागे घेतलं. "अजून घे." बहीण पळते तेवढंच त्यांनी तीनदा पाहिलं.

"आशे, मी टँकरवर होतो व."

"मले कोणी सांगतलंच नाई, दादा."

"मंग सोळा वर्सं बोलली काऊन नाई?"

"बोलली ना. तू डीव्हीडीकडंच पाहे, माह्याकडं कुठी पाहे?"

पंजाबरावांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा संपवला. मग वाकून बहिणीच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. मला तिथे थांबवेना, मी उगाच सर्व्हर बघायला आत गेलो.

निशिगंधाच्या लग्नात पंजाबराव सकाळी नऊपासून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसून होते. चहालाही उठले नाहीत. आचारी म्हणाला, पाणी कमी पडतंय. "पडू दे," ते म्हणाले, "आज मी कुठीच जात नाई." मामाच्या नावाचा पुकारा सुरू झाला, पण आशाबाईंनी माइकची वाट बघितलीच नाही. त्यांनी स्वतः जाऊन भावाला टोपी घातली. ती मोठी झाली, कानांवर आली. दोघं रडत होते आणि हसत होते, आणि अर्ध्या मांडवाचीही तीच गत.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर पंजाबराव टोपीसकट आमच्या दोघांकडे आले. "तुळशीराम, तेवढं टोपीचं दाखव बे."

तुळशीरामने मान खाली घातली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणाच्या डोळ्यांत बघता येईना. "भाऊ, ते राह्यलं. डोळे पुसाले कॅमेरा खाली घेतला अन् बटन दाबाचंच राह्यलं."

मला वाटलं, आता परत सोळा वर्षं. पंजाबरावांनी कानांवरची टोपी वर सारली.

"राहू दे," ते म्हणाले. "या वक्ती मी तिथीच होतो."