वरून ओतलेलं वरण

२००५ साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा.

सिंगापुरात माझ्या मुलाच्या साहेबाच्या नव्या काँडोत, म्हणजे भारीतल्या फ्लॅटमध्ये, मला वॉशिंग मशीनच्या शेजारी जेवायला बसवलं. इथल्या घरांना स्वयंपाकघराच्या मागं कपडे वाळत घालायची जागा असते. सर्व्हिस यार्ड म्हणतात. तिथं प्लास्टिकचं स्टूल माझ्यासाठी. पुढ्यात दुसरं स्टूल. त्याच्यावर कागदाची प्लेट. डोक्यावर साहेबाचे मोजे वाळत होते.

आत टेबलावर सगळे. माझा मुलगा मिलिंद, सून प्रज्ञा, मिलिंदच्या ऑफिसातली दोन मराठी जोडपी. स्टीलची ताटं. पुऱ्यांचा वास. हसणं चाललेलं. स्वयंपाकघराच्या दारातून मला ते सगळं दिसत होतं.

साहेबाची बायको पातेलं घेऊन माझ्याकडं आली. बाई वाईट नव्हती. हसतमुख. म्हणाली, "काका, तुमचं इकडं केलंय बरं का. आमच्या पुऱ्यांचा कण तुमच्यात पडायला नको. प्रज्ञानं फोनवर फार बजावलंय."

मला गहू चालत नाही. सातू चालत नाही. कण पोटात गेला तरी आतडं सोलून निघतं. हे काही माझे नखरे नव्हेत, दुखणं आहे. म्हणून मी म्हणलं, बरं.

मग बाईनं पळी भरली. आणि वर उचलली. चांगली हातभर वर. तिथून वरण ओतलं. बारीक धार. प्लेटीत पडली, थोडी माझ्या पायजम्यावर उडाली.

"भात वाढते हं," म्हणाली. तोही वरनंच. ढेकूळ पडलं धप्पकन.

मग ती आत गेली. तीच पळी, तेच पातेलं. टेबलावरच्या वाट्यांत वरण वाढलं. प्रत्येक वाटीच्या काठावर पळी टेकवली. टेकवली आणि ओतलं. टिंग, टिंग आवाज येत होता.

माझ्या प्लेटीला पळी लागली नव्हती.

आता हे तुम्हाला बारीक वाटेल. मला बारीक वाटलं नाही. कारण ती धार मी ओळखत होतो.

माझी आई मालकाच्या अंगणात गहू निवडायची. आमचं गाव मराठवाड्यातलं. आम्ही वेशीबाहेरचे. सुक्या गव्हाला आईचा हात चालायचा. दिवसभर सुपात हात घालून बसली तरी गहू बाटत नव्हता. पण त्याच गव्हाला पाणी लागलं, पीठ मळलं गेलं, की मग आईनं त्या बाजूला बघायचंसुद्धा नाही. पोळ्या झाल्या की वास यायचा. आम्ही घरी येऊन ज्वारीची भाकर खायचो. दुपारी आईला तहान लागली की ती ओट्याखाली बसायची, ओंजळ करायची. मालकीण वरनं पाणी ओतायची. हातभर वरनं. अर्धं तोंडात, अर्धं कोपरावरून खाली. मी शेजारी उभा राहून बघायचो. मला आईचा चेहरा नीट आठवत नाही आता. ती धार आठवते.

पुढं मी चौथीतनं शाळा सोडली. नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला चिकटलो. नळाचे खड्डे खणले. पहिला पगार झाला तेव्हा बायकोला म्हणलं, आजपासून पोळी. आमच्या घरी पोळी म्हणजे वर चढल्याची खूण. पाहुणा आला की भाकर लपवायची, पोळी पुढं करायची. तीस वर्षं मी रोज पोळी खाल्ली, आणि पोट रोज वाजत राहिलं. वाळून काटकी झालो. बायको वारली, मिलिंदनं मला इथं सिंगापुरात, आंग मो किओला, आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. इथल्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गहू बंद. जन्मभर.

मी हसलो होतो तेव्हा. म्हणलं, गव्हानंही आम्हाला बाहेर काढलं.

प्रज्ञानं माझ्यासाठी वेगळा तवा आणला. वेगळं लाटणं, वेगळी पळी, माझ्या नावाचा कप्पा. तो कप्पा बघून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. वेगळं भांडं म्हणलं की माझ्या अंगावर काटा येतो. गावच्या हॉटेलात आमच्या कपबश्या बाहेर कोनाड्यात असायच्या, आपल्या आपण विसळून घ्यायच्या. प्रज्ञानं मला समजावलं, "बाबा, हे तुमच्यापासून आम्हाला वाचवायला नाही. आमच्यापासून तुम्हाला वाचवायला आहे." पोरगी शहाणी. मला पटलं. घरापुरतं पटलं.

बाहेर मात्र मी कुठं खात नव्हतो. हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, गेलो की सगळे खायचे, मी उसाचा रस घेऊन बसायचो. डोशाच्या तव्यावर पराठा भाजलेला असतो. काळ्या सोयासॉसमध्ये गहू असतो. 'तवा धुऊन दे, माझं वेगळं कर' असं म्हणायला पाहिजे. ते माझ्या जिभेवर येत नव्हतं. उपाशी राहीन, पण वेगळं मागणार नाही. अशी माझी अकड.

एकच जागा होती. आमच्या बिल्डिंगखाली एक चिनी म्हातारी शनिवारी गाडी लावायची. तांदळाचं पीठ छोट्या साच्यात दाबायची, मध्ये खोबरं आणि काळा गूळ, वरनं पीठ, आणि वाफेवर ठेवायची. कुए तुतु म्हणतात. प्रज्ञानं एकदा खोदून खोदून विचारून घेतलं, तांदळाशिवाय काही नाही. म्हातारी गरम तुतु पानाच्या तुकड्यावर ठेवून माझ्या तळहातावर द्यायची. "Hot, uncle, hot." तिची बोटं माझ्या हाताला लागायची. मी तिथंच उभा राहून खायचो, गूळ मिशीला लागायचा. त्रेसष्टाव्या वर्षी मी आठवडाभर शनिवारची वाट बघत होतो.

तर त्या दिवशी सर्व्हिस यार्डात मी बसलेला. घास घेतला नव्हता. प्रज्ञा उठून आली. प्लेटीचा वास घेतला आणि बाईला हाक मारली.

"वहिनी, वरणात हिंग आहे का?"

"आता काय हिंगाशिवाय वरण करू?"

"डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हो. मी फोनवर बोलले होते."

"अगं हिंग चिमूटभर. त्यात कुठला आलाय गहू?"

टेबलावरनं साहेब मोठ्यानं म्हणाले, "काका, तुमचं सोवळं तर आमच्या आजीपेक्षा कडक निघालं."

सगळे हसले. मिलिंद पण हसला. मी बघितलं त्याला हसताना. तोंड हसत होतं, मान खाली होती.

मग तो उठून आला. माझ्याजवळ वाकला. हळू बोलला, "बाबा, वरण राहू द्या, नुसता भात खाऊन घ्या इथंच. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. सर आहेत माझे."

मी त्याला म्हणलं, "इथं नाही."

"बाबा, प्लीज."

मी उठलो. कागदाची प्लेट तिथंच ठेवली. माझं स्टूल उचललं. स्वयंपाकघरातनं चालत गेलो आणि टेबलाच्या कोपऱ्यावर, साहेब आणि ऑफिसातल्या एका पाहुण्याच्या मध्ये ठेवलं. पाहुण्याला खुर्ची सरकवावी लागली. मी बसलो.

साहेब म्हणाले, "अहो काका, तुमच्याच तब्येतीसाठी केलं होतं तिकडं."

मी म्हणलं, "साहेब, माझ्या तब्येतीला वेगळा तवा लागतो. वेगळी पळी लागते. वेगळी जागा लागत नाही."

मी बाईंना म्हणलं, "मला स्टीलचं ताट द्या धुऊन. भात आणि दही चालतं मला. आणि बाई, एक विचारू का? आत सगळ्यांच्या वाटीला पळी टेकवली तुम्ही. माझ्याला वरनं का ओतलं?"

बाईचा चेहरा उतरला. "काका, काहीतरीच काय. लक्षात पण नाही माझ्या. सवय असते हाताला."

"तेच विचारतोय. कुठली सवय?"

बाईनं ताट धुतलं. भात वाढला, दही वाढलं. वाढताना चमचा ताटाला लागला. मी सावकाश जेवलो. शेवटच्या शितापर्यंत. बाकीच्यांनी पुऱ्यांचं गोड कौतुक परत सुरू केलं, पण ते काही जमलं नाही.

परतताना MRTत, इथल्या मेट्रोत, मिलिंद माझ्याशेजारी बसला नाही. समोर बसला. दोन स्टेशनं गेली, मग म्हणाला, "तिला माहीत तरी आहे का आपण कोण? इथं जात कुणी विचारत नाही बाबा."

"विचारत नाहीत. आडनाव वाचतात."

"तुम्हाला सगळीकडं तेच दिसतं."

"दिसत नाही रे. ऐकू येतं मला."

प्रज्ञानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात त्यानं झटकला. म्हणाला, "पुढच्या वेळी आपण आपली ताटवाटी घेऊन जाऊ. प्रश्नच मिटला."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. टाय लावून तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात बसणारा माझा पोरगा मला सांगत होता, आपला कप आपण बरोबर न्यावा. त्याला कळलंही नाही काय बोलला ते. मी त्याला रागावलो नाही. त्याच्यासाठीच मला भीती वाटली.

मी खोटं सांगणार नाही. त्या बाईच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. तिलाही माहीत नसेल. तिच्या हाताला माहीत होतं. शंभर-दोनशे वर्षांचं हाताला माहीत होतं, आणि तो हात विमानात बसून समुद्र ओलांडून आला होता. मी पण आलो होतो. माझ्याबरोबर आईची ओंजळ आली होती. आज ऐंशी ओलांडली तरी कुठं नळ बारीक सुटला की मी कूस बदलतो. बेसिनमध्ये धार पडली की प्रज्ञा माझ्या खोलीचं दार लावून घेते. तिला सांगावं लागत नाही.

त्या संध्याकाळी मी बाल्कनीत बसून विचार केला. आज त्यांच्या टेबलावर मी जागा घेतली. पण ते घर त्यांचं, ताट त्यांचं. मी जागा घेतली म्हणून त्यांनी दिली. उद्या पुन्हा बोलावणार नाहीत, संपला विषय. त्यांचं काहीच पणाला लागलं नाही. पणाला लागलो तो मी आणि माझा पोरगा. असं चालणार नाही, म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद बूट घालत होता. मी प्रज्ञाकडनं साहेबांच्या घरचा नंबर लावून घेतला. मिलिंद म्हणाला, "बाबा, कुणाला फोन?" तिकडं बाईनं उचलला.

मी म्हणलं, "बाई, मी मिलिंदचा बाप बोलतोय. येत्या रविवारी तुम्ही दोघांनी आमच्याकडं जेवायला यायचं. भाकरी मी थापणार आहे. पिठलं, ठेचा, भात. गव्हाचं काही नाही. सगळ्यांना एका तव्यावरचं, आणि वाढणार मी. पाणी पण मीच देणार."

मिलिंद एका पायात बूट घालून तसाच उभा.

मग बाई म्हणाली, "बघते हं काका. यांना विचारून सांगते."

मी म्हणलं, "विचारा. मी फोन धरून थांबतो."

आणि रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो.