पाहुण्यांची गादी

देवावर रागवावं की माणसांवर, हेच मला त्या दिवशी कळेना. आम्ही नवरा-बायको साताऱ्याकडचे. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कामासाठी इथं कळंबला आलो आणि कापसाच्या गाडीवरून पडून माझे मालक अंथरुणाला खिळले. कमरेचं ऑपरेशन झालं, पण पडून पडून पाठीला जखम झाली. डॉक्टर म्हणाले, हवेची गादी लावा, नाहीतर ही जखम हाडापर्यंत जाईल. इथं आमचं ना माहेर, ना सासर. मी सातवीतून शाळा सोडलेली. चार माणसांत बोलायची सवय नाही.

कोणीतरी एका मोठ्या संस्थेचं नाव सांगितलं. त्यांना कळवलं, ते गादी घेऊन आले, मी हात जोडले. तर त्यांनी आधी भिंतीवर बॅनर लावला. मग म्हणाले, "लाभार्थ्याला जरा उठवून बसवा, फोटोत चेहरा येत नाही." ज्या माणसाला कूस बदलताना ओरडायला होतं, त्याला बसवा? मी नाही म्हणाले. त्यावर एक जण दुसऱ्याला म्हणतो, "बाहेरची लोकं, यांना कदर नाही." गादी परत गाडीत गेली. आजारी माणसाची लाज काय फोटोच्या बदल्यात द्यायची असते?

तशीच चिंतामणीच्या देवळात गेले. हा गणपती जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. चिंता हरतो म्हणतात. मी हातसुद्धा जोडले नाहीत. मनात म्हणाले, तुझ्या गावात असं चालतं आणि तू खाली बसून राहतोस? मागितलं काहीच नाही. नुसती रडले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक वयस्कर बाई उभ्या. मागे दोन माणसं, खांद्यावर घडी केलेली हवेची गादी.

"पाहुणे कुठी हायेत, बाई?"

मला वाटलं, घर चुकलं यांचं. "आमच्याकडे कोणी पाहुणे नाहीत. आमचं इथं कोणीच नाही."

"अवं, तुमचे मालक! पडून राह्यलेल्या माणसाले आमचं मंडळ पाहुणाच म्हणते."

"आणि फोटो?" मी घाबरतच विचारलं.

"फोटो कायले? घरी पाहुणा आला तं त्याचा फोटू चौकात टांगतो काय आपण?"

आतून मालकांचा आवाज आला, "मग पाव्हण्याला चहा कोण करणार?" पडल्यापासून पहिल्यांदा ते असं बोलले. बाई हसत चुलीकडेच वळल्या. "दूध कुठी हाय, तेवढं सांगा!"

चहा घेता घेता त्यांनी मंडळाची गोष्ट सांगितली. त्यांचे सासरे देवळाजवळ यात्रेकरूंना पाणी द्यायचे. एकदा एक परगावची बाई तापाने उघड्या फरशीवर पडली, तर त्यांनी घरातली स्वतःची खाट आणून दिली. ती खाट मग घरोघर फिरत राहिली. तिच्यापासून हे मंडळ. जात, गाव विचारायचं नाही, बॅनर लावायचा नाही. आम्हाला कसं शोधलंत, विचारलं, तर म्हणाल्या, "देवळापाशी फुलं विकते ना, तिनं सांगतलं. जिनिंगवाली बाई रडून राह्यली होती म्हणे. मंग जिनिंगात इचारलं, तं पाठीच्या जखमेचं समजलं."

कोणी म्हणेल, यात देव कुठं आला? मी वाद घालत नाही. मी तर त्याला बोल लावून आले होते.

जखम भरली. आता हे काठी धरून दारापर्यंत जातात. मग बाईंचा निरोप आला, मारेगावकडे एक पाहुणा पडून आहे. म्हणजे गादी द्यायची वेळ आली. जखम पुन्हा उघडली तर? अजून थोडे दिवस राहू दे, असं ओठांवर आलं होतं. पण तिकडेही कोणाची तरी पाठ सोलवटत असेल. त्या बॅनरवाल्यांचा राग काही गेलेला नाही, आणि तो जावा असं मी मागतही नाही. मी गादी पुसली, उन्हात वाळवली आणि बाईंच्या हातात दिली. पुढचं त्या देवळात खाली बसलेल्याच्या हवाली.