चार ओळींच्या पत्रातला घोडा

वयाच्या चौदाव्या वर्षी माझं शिक्षण पूर्ण झालं. तशी घोषणा मीच केली होती.

राज्य निझामाचं, आणि परतूरच्या शाळेत सगळं उर्दूत. आमच्या गावाहून शाळा दोन कोस. वाटेत दुधना नदी लागायची. सकाळी तिच्यात पाय धुऊन वर्गात जावं, तर भूगोलाच्या तासाला तीच नदी उर्दूत समोर यायची आणि काही केल्या ओळख द्यायची नाही! हिशेबाचंही तेच. (मास्तरांची छडी तेवढी कुठल्याच भाषेची नव्हती, ती लगेच कळायची.) शेवटी मी नदीच्या अलीकडेच थांबायला लागलो. दिवसभर पेरूच्या बागेत बसायचं आणि शाळा सुटायच्या सुमाराला घरी परतायचं. असा महिना काढला.

मग शाळेचं पत्र आलं. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाने. उर्दूत, चार ओळी. दादांना मराठी पोथीपुरतं वाचता यायचं, उर्दूचा मात्र गंध नव्हता. सबंध घरात उर्दू वाचणारा विद्वान एकच, आणि पत्र त्याच्याच विरुद्ध!

"वाच रं रंगा," दादा म्हणाले.

मनात वाचलं ते असं: मुलगा महिनाभर गैरहजर आहे, आठ दिवसांत हजर झाला नाही तर नाव कमी करण्यात येईल. कागदावर बोट फिरवत मोठ्याने वाचलं ते असं: "आपला मुलगा फार हुशार आहे. त्याला शिकवण्यासारखं आमच्यापाशी आता काही उरलं नाही. त्याला शेतीकडे लावावं."

"असं म्हन्त्यात?" दादांनी कागदाची घडी करून पटक्यात खोचली.

मायला तर आनंदच झाला. "मी म्हनलंच व्हतं! लेकरू चालून चालून वाळलंय. शिकून काय तहसीलदार व्हायचाय का? हितं निंदायला मानूस मिळंना झालंय." (तिचं सगळंच चूक नव्हतं. दोन हात कमी पडले की शेत काय म्हणतं, ते तिलाच ठाऊक होतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे गणपतकाका आले. दादांनी पटक्यातून पत्र काढलं. "काकाला वाचून दाखव."

इथून माझी पंचाईत सुरू झाली. खरं वाचणाऱ्याची एक सोय असते, दुसऱ्यांदा वाचलं तरी तेच निघतं. मला कालचं आठवेना! मी हुशारी थोडी वाढवली, हेडमास्तरांचा सलाम घातला आणि ओघाओघात सरकारी बक्षीसही जाहीर करून टाकलं.

"लई मोठं पत्र हाय की," काका म्हणाले. "पन वळी तर चारच दिसून राह्यल्या!"

"उर्दू लई दाट असती, काका. एका टिंबात चार शब्द मावत्यात."

काकांनी उर्दूला मनोमन हात जोडले. तिसऱ्या दिवशी मायने विचारलं, "बक्षीस काय देनार हायत, ते न्हाई का लिवलं?" पुन्हा पटका, पुन्हा पत्र. मला काही सुचेना. तेवढ्यात समोरच्या वाटेने महसुलाचा गिरदावर घोड्यावर बसून चालला होता.

"घोडा!" मी म्हणालो.

"बिलकुल घोडाच लिवलंय?" दादांनी विचारलं.

"बिलकुल!"

"मंग जागा करावी लागंल."

ती जागा मीच केली. गोठ्याचा कोपरा खरवडला, पाट्या भरभरून शेण वाहिलं, खुंटा ठोकला. दादा ओट्यावरून सांगायचे, "अजून खोल ठोक. सरकारी घोडा हाय, उपटून जाईल." गणपतकाकांनी कुठूनशी घुंगरमाळ आणून दिली. बायका मायला विचारायच्या, घोडा काळा का पांढरा? माय मला विचारायची, मी पुन्हा पत्रात बघायचो! त्या आठवड्यात मी जेवढा घाम गाळला, तेवढा सगळ्या शाळेत मिळून गाळला नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी दादा म्हणाले, "चल परतूरला. घोडा आनू." मायने घोड्यासाठी गूळ बांधून दिला. मी दादांच्या मागे चालत राहिलो. नदीच्या पाण्यात पाय घातला आणि माझा धीर सुटला.

"दादा, घोडा न्हाई."

"ठाऊक हाय."

"कवापासून?"

"पहिल्या दिसापासून. उर्दू उजवीकडून वाचत्यात, रंगा. तुझं बोट डावीकडून चाललं व्हतं. मंग बाजारच्या दिशी साळंत गेल्तो. हेडमास्तरकडून वाचून घेतलं."

"तवाच का न्हाई बोलले?"

"म्हनलं, आज तरी पोरगं खरं वाचंल. रोज कागद पुढं केला. तू रोज त्यात भर घालून राह्यला."

दादा काठावरच्या दगडावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तहसिलीत बारा वर्सं माझे कागद दुसऱ्यानंच वाचले. एकदा वाचनारा म्हनला, 'कुछ नहीं, जल्दी दस्तखत कर दो.' मी केली. तवा लिंबाखालची जमिनीची पट्टी गेली. तवापासून मी वाचनाऱ्याचं बोट बघतो, तोंड बघतो. आपल्या घरात एक तरी वाचनारा असावा म्हून तुला साळंत घातलं. तर तूबी माझ्यापुढं त्यांच्यावानीच वाचाया लागला."

मला रडू फुटलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही. आम्ही नदी ओलांडली, शाळेत गेलो आणि माझं नाव पटावर राहिलं.

आता कुणी विचारतं, पोरांवर मॅट्रिकपर्यंत शाळेची सक्ती असावी का? मी लगेच हो म्हणत नाही. परक्या भाषेत, छडीच्या जोरावर शिकवलेलं निम्मं माझ्या अंगावरूनच वाहून गेलं. पोरावर सक्ती करण्याआधी नीट शिकवायची सक्ती शाळेवर करावी, असं मला वाटतं. पण चौदाव्या वर्षी माझा कौल घेतला असता तर मी पेरूच्या बागेला दिला असता, हेही खरं. आणि शाळा सोडणाऱ्या पोराला वाटतं, नुकसान झालंच तर आपलं एकट्याचं होईल. त्याच्या वाचण्यावर भरवसा ठेवून घरी कुणी बसलेलं असतं, हे त्याला कुठून कळणार?

मॅट्रिक मी झालो. तीन वर्षांची वाट सहा वर्षांत चाललो. एवढी खटपट करून उर्दू हाताशी आली, आणि थोड्याच दिवसांत निझामाचं राज्य गेलं! कागद हळूहळू मराठीत यायला लागले. मी कारकुनाच्या जागेसाठी मराठीत अर्ज केला. उत्तर आलं तेव्हा दादा ओट्यावर होते. उत्तर मराठीतच असणार, पाकीट फोडून त्यांना स्वतः वाचता आलं असतं, तरी त्यांनी ते माझ्या हाती दिलं.

मी उभ्यानेच मोठ्याने वाचलं, "उमेदवाराच्या अर्जात शुद्धलेखनाच्या चुका फार असल्याने त्याचा विचार करता येत नाही."

दादांनी कागद घेतला, एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत तपासला आणि घडी घालून परत दिला.

"बराबर वाचलंस."

माझ्या सगळ्या शिक्षणात पैकीच्या पैकी गुण मिळाले, ते एवढेच.