जाऊबाईंची पेंढ्याची माणसं

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी आजवर कुणाचं ऐकलं आहे, असं मी तरी बघितलेलं नाही. सासऱ्यांचं नाही, नवऱ्याचं नाही, डॉक्टरचं नाही, आणि एसटीच्या कंडक्टरचं तर नाहीच नाही. तो "पुढे सरका" म्हणाला की या मागे सरकतात. उलट एका कावळ्याने त्यांचं ऐकलं, ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी त्यांना वैनी म्हणते. या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हापासून मला बोलायचं कामच पडलेलं नाही. कुणी मला काही विचारलं की माझ्या वाटणीचं वैनीच बोलून टाकतात. "तिला नुको विचारू. चौथी शिकली, पन जीभ साळंतच ठेवून आली," असं माझ्यादेखत लोकांना सांगतात आणि वर मलाच विचारतात, "व्हय ना गो?" मी मान हलवते. तेवढं पुरतं.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि मागोमाग वैनींचे यजमान, आमचे भावोजी, गेले. ताप आला म्हणून रत्नागिरीला नेलं ते परत चालत आले नाहीत. दहाव्याला व्हाळाच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर चांगले बसले होते, नुसते बघत होते. वैनींचा मुलगा बाळ्या मुंबईहून आला होता. त्याने हात जोडले, "बाबा, आयेला मी माझ्याकडं नेईन, एकटी ठेवनार नाय." कावळा हलला नाही. मग भावकीतले थोरले काका पुढे झाले. आमच्या वाडीत त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही आणि मयतही उठत नाही. त्यांनी घर सांभाळायचा शब्द दिला, देव चालवायचा शब्द दिला. कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. दर्भाचा कावळा करू या, असं कुणीतरी म्हणालं. आम्ही बायका लांब उभ्या होतो, कारण तिथवर बायकांनी जायची रीत नाही. वैनी मात्र तरातरा पुढे गेल्या आणि घरात बोलतात तशाच आवाजात म्हणाल्या, "तुमचे कपडे मी पान्यात सोडनार नाय. माझ्याजवळ ऱ्हातील. आनि मी बी कुठं जानार नाय. आता जेवा." कावळा खाली आला. नुसता शिवला नाही, पोटभर जेवला.

गेलेल्या माणसाचे कपडे व्हाळात सोडायचे किंवा कुणाला देऊन टाकायचे, ही आमच्याकडची पद्धत. पण आता बोलणार कोण? तरी काकांनी तेराव्याला विषय काढून बघितला. "सूनबाय, कपड्यात जीव अडकतो मानसाचा." वैनी म्हणाल्या, "कावळ्याला विचारा." पुढे वर्षभर कुणी काहीही नावं ठेवली की वैनींचं हेच उत्तर. काकांचा कावळ्यांवर इतका राग बसला की अंगणात दिसला तरी ते चप्पल उचलतात.

बाळ्याने मात्र हट्ट सोडला नाही. "कपडे ठेव, पन मुंबईला चल," म्हणाला. वैनी एकदाच त्याच्या डोंबिवलीच्या घरी राहून आल्या होत्या. "तुज्या घराला सगळ्या खिडक्यांना पिंजरा हाय. इथं माकडं मोकळी, तिथं मानसं पिंजऱ्यात. कशाला येऊ?" बाळ्याने नेमकं माकडांवरच बोट ठेवलं. आमच्याकडे भातकापणी झाली की विहिरीच्या पाण्यावर पावटा, भुईमूग, मिरची, वांगी करतात. करतात म्हणजे करत होते. माकडांनी अर्ध्या वाडीची शेती बंद पाडली आहे. आमचं शेत टिकलं ते भावोजी दिवसभर गलोल घेऊन बांधावर बसायचे म्हणून. बाळ्या म्हणाला, "आये, तुला गलोल मारता येत नाय. शिमग्याला मी येईन. तोवर शेत राखून दाखव. माकडांनी खाल्लं तर शेती बंद आनि तू माझ्याबरोबर." "आनि राखलं तर?" "तर मी मुंबईचं नाव काढनार नाय." वैनींनी लगेच त्याच्या हातावर हात मारला. मला वाटलं, झालं, शिमग्यानंतर माझ्या वाटणीचं बोलायला कोणी उरणार नाही.

दिवाळी झाल्यावर एके सकाळी मी विहिरीवर गेले आणि हातातली कळशी खाली पडली. बांधावर भावोजी उभे होते. निळा सदरा, गुडघ्यापर्यंत घेतलेलं धोतर, एक हात कमरेवर, डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली. तेच. मागून वैनींचा आवाज आला, "काय गो, घाबरलीस? बरे झालेत मग." चिव्याच्या बारीक बांबूच्या काठ्या, आत भाताचा पेंढा, डोक्याला गोणपाट आणि त्यावर कोळशाने काढलेले डोळे. बुजगावणी आम्हीही करतो, पण आमचं बुजगावणं म्हणजे काठीवर मडकं. वैनींनी खांदा तीनदा उसवून पुन्हा भरला होता. "लग्न होऊन आले तेव्हाधरनं तो खांदा बगतेय, चुकून कसा चालंल?" म्हणाल्या.

आमचं शेत रस्त्याला लागून आहे. पहिल्याच आठवड्यात फिरायला आलेल्या पाहुण्यांची एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या बाईने भावोजींना विचारलं, "अंकल, गणपतीपुळे?" भावोजींचा मोकळा हात डावीकडे होता. गाडी डावीकडे गेली आणि जरा वेळाने चिरेखाणीची लाल धूळ अंगावर घेऊन परत आली. वैनी पावट्यात बसून पोट धरून हसत होत्या. "जिते व्हते तवा बी ह्यांनी कुनाला सरळ रस्ता सांगितला नाय," म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तो हात उजवीकडे करून बांधला.

माकडं हुशार. एकच माणूस एकाच जागी दोन दिवस उभा दिसला की तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसून शेंगा खातात. म्हणून वैनी रोज सकाळी भावोजींची जागा बदलायच्या, सदरा बदलायच्या आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलायच्या. "आज मिरचीत उभे ऱ्हावा. काल झोपा काढल्यात." मग एकट्या माणसाला करमणार कसं म्हणून त्यांनी सोबत करायला घेतली. आधी थोरले काका आले. तेच पोट, तीच मान मागे टाकून उभं राहायची ढब. गावात बातमी पसरली आणि काका काठी आपटत आले. "माझं बुजगावनं करतेस? भावकी गोळा करतो!" वैनी म्हणाल्या, "तुमच्या धाकानं आख्खी वाडी सरळ चालते. म्हटलं माकडं बी चालतील." काका पेंढ्याच्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. पोटावरून त्यांचं जरा बिनसलं, ते हाताने दाबून बघितलं. मग काठी न आपटता गेले. संध्याकाळी त्यांच्याकडून जुनी काळी टोपी आली आणि निरोप आला, "बोडका उभा हाय, बरं दिसत नाय."

संक्रांतीच्या आधी वैनींनी भावोजींच्या शेजारी एक बाई उभी केली. अंगावर त्यांची स्वतःची लग्नातली हिरवी साडी, काठीच्या हाताला हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं वैनींना कुठूनच आलं नव्हतं. येणार नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण कुणी बोललं नव्हतं. आमच्या सासूबाई काठी टेकत बांधापर्यंत आल्या. सासूबाईंचा तर पोटचा मुलगा गेलेला. त्या म्हणाल्या, "अगो, हिला कुंकू कशाला?" वैनींनी पेंढा कोंबता कोंबता मागे न बघता सांगितलं, "का? तिचा घोव शेजारी उभा हाय की." सासूबाई त्या दोघांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मग जरा मोठं लाव. लांबनं दिसत नाय." वैनींनी बोट बुडवून कुंकू रुपयाएवढं केलं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझी एक जुनी साडी कधी नेली ते कळलं नाही. एकदा केळींकडे पाणी सोडायला गेले तर केळीच्या मागे अर्धी लपलेली मी उभी. तोंडावर पदर. "तुजा सोभाव बगूनच मागं उभी केलीय," वैनी म्हणाल्या. "आनि आईक, माकडं सगळ्यात जास्त तुलाच भितात. काकांच्या टोपीवर बसतात, पन केळीकडं फिरकत नायत. गप ऱ्हानारं मानूस काय करंल ह्याचा भरवसा नसतो." मला इतकं शहाणं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

माघात वैनींना ताप भरला. मी त्यांच्या उशाशी होते आणि तेवढ्यात शेतात माकडांची टोळी आली. आम्ही दोघी जाऊन बघतो तर भुईमुगाचा एक आख्खा वाफा उपटून टाकलेला आणि भावोजी उताणे पडलेले, सदऱ्याची बाही खांद्यापासून फाटलेली, पेंढा वाऱ्यावर. वैनी ताप घेऊन तशाच वाफ्यात बसल्या. दहाव्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. शेंगांसाठी नाही. "ह्यांच्या अंगाला हात लावला मेल्यांनी," एवढंच म्हणत होत्या. मग पदराने तोंड पुसलं, बाही शिवली, भावोजींना उभं केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून नवीनच काढलं. साडीवरून भावोजींचाच एक सदरा घालायच्या, डोक्याला गोणपाट घ्यायच्या आणि सगळ्यांच्या मध्ये हात पसरून काठीसारख्या उभ्या राहायच्या. माकड जवळ आलं की दगड. यातलं जितं माणूस कुठलं हे त्या टोळीला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिमग्याला बाळ्या पहाटेच्या गाडीने आला. रस्त्यावरून सिगारेट ओढत येत होता. नुकतं उजाडत होतं. बांधाच्या वळणावर आला आणि त्याने एकदम सिगारेट पाठीमागे लपवली, मग टाकून पायाने विझवली आणि मान खाली घालून उभा राहिला. मी अंगण सारवत होते, मला सगळं दिसत होतं. त्याला कळायला बराच वेळ लागला. कळलं तरी तो घरी आला नाही, तिथेच बांधावर बसला. वैनी चहा घेऊन गेल्या, मागून मी.

वैनींनी आपण होऊनच सांगितलं, "भुईमुगाचा एक वाफा गेला, बाळ्या. पैज ती पैज. तू म्हनशील तर हरले." असं म्हणताना त्यांनी कधी नव्हे तो पदर नीट केला. बाळ्याने पावटा बघितला, मिरच्या बघितल्या, काका बघितले, हिरवी साडी बघितली. मग विचारलं, "कुठला वाफा?" वैनींनी बोट दाखवलं. "मला काय दिसत नाय," तो म्हणाला आणि चहा प्याला. देवाची पालखी घरी आली, नाचली, गेली. तोही गेला. जाताना त्याचा ऑफिसचा एक चांगला, इस्त्रीचा शर्ट वैनींच्या हातात ठेवून गेला. "मलाबी उभा कर बाबांच्या बाजूला. मुंबईत तसा उभाच असतो."

आता तोही तिथे आहे. गळ्याचं बटण लावलेला. वैनींचंही वय होत चाललं आहे, पण त्या सदरा घालून मध्ये उभ्या राहतातच. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मी त्यांना बोलवायला जाते तेव्हा अंधुक झालेलं असतं. माझे भावोजी, काका, हिरव्या साडीची बाई, बाळ्या, केळीमागची मी, सगळे सारखेच दिसतात. आजवर मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती, ती आता झाली आहे. बांधावर उभी राहते आणि जोरात हाक मारते, "वैनीऽऽ!" आणि त्यातलं कोण वळतं, त्याची वाट बघते.