दणक्याचं बोट

बँकेच्या दारावरच्या सुरक्षारक्षकाला सगळे दणका म्हणत. दार लावायचा तर काचा थरथरायच्या, खुर्चीत बसायचा तर खुर्ची कण्हायची. माणूस मनाने लोण्यासारखा. हात मात्र हातोड्याचे.

रक्षकांची दरवर्षी पिस्तुलाची परीक्षा होई. मागल्या खेपेला तो काठावर सुटला होता. यंदा शिकवायला नव्या मॅडम आल्या. वयाने त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण जीभ अशी की भल्याभल्यांची बोलती बंद.

पहिल्याच दिवशी दणक्याच्या सगळ्या गोळ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने जाऊन बसल्या. मधलं काळं वर्तुळ कोरं करकरीत.

"मॅडम, पिस्तूल वाकडं आहे," तो म्हणाला.

मॅडमनी पिस्तूल घेतलं आणि वर्तुळाच्या मधोमध भोक पाडलं. "झालं सरळ. धरा."

परत देताना त्यांनी गुपचूप आत एक खोटं काडतूस सरकवलं होतं. दणक्याने श्वास रोखला, दात आवळले आणि चाप हिसकला. नुसतंच खट् झालं! बार नाही, धूर नाही; पण पिस्तुलाच्या नळीने खाली अशी बुडी मारली, जणू पायाशी झुरळ होतं. बाकीचे रक्षक पोट धरून हसले.

"गोळी नव्हतीच, मग हात कोणाला घाबरला?" मॅडमनी विचारलं. दणका कानापर्यंत लाल झाला. मग त्या जरा नरमल्या. "आवाज होणार म्हणून तुम्ही आधीच दचकता, आणि दचकून हिसका देता. चाप हिसकायचा नाही, दाबत न्यायचा. बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, सावकाश. बार झाला की तुम्हालाच नवल वाटलं पाहिजे."

पिस्तूल घरी न्यायची सोय नव्हती. तेव्हा दणक्याची नजर गेली ती बायकोच्या इस्त्रीच्या फवारा-बाटलीवर. तिलाही चाप होताच! त्याने बाटलीचं तोंड फिरवून फवाऱ्याची बारीक धार केली, बाटलीच्या डोक्यावर काडेपेटी उभी केली आणि गच्चीच्या भिंतीवर खडूने फुली मारली. दाबलं की काडेपेटी धाडकन खाली. पुन्हा उभी, पुन्हा खाली. भिंत न्हाऊन निघाली, फुली मात्र कोरडी.

हळूहळू बोट वळणावर आलं. एका सकाळी काडेपेटी जागची हलेना. तो दाबत गेला, दाबत गेला, आणि नेमक्या त्याच क्षणी मुक्कामाला आलेल्या सासूबाई टॉवेल वाळत घालायला भिंतीपुढे आल्या. धार थेट चष्म्यावर!

"आई, काडेपेटी पडली नाही!" दणका आनंदाने ओरडला.

"मी पडले असते त्याचं काय, जावईबापू?" चष्मा पुसत सासूबाई म्हणाल्या.

बायको धावत आली. "अहो, शोभतं का हे?" तिने बाटली हिसकावून घेतली, काडेपेटी ठेवली आणि सहज चाप दाबला. फुली भिजली. काडेपेटी ढिम्म!

दणका बघतच राहिला. "तुला कसं गं जमलं?"

"तुमचेच शर्ट इस्त्री करते ना," ती म्हणाली. "हिसका दिला की डाग पडतात."

त्या दिवसापासून ती त्याची मास्तरीण झाली, आणि सासूबाई छत्री उघडून परीक्षक म्हणून बसू लागल्या. परीक्षेला दणक्याच्या बऱ्याच गोळ्या काळ्यात लागल्या. एक बार झाला तेव्हा तो स्वतःच "अरे!" म्हणाला. मॅडमनी आनंदाने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पुढे बँकेच्या माणसांसाठी मैदानावर कुटुंबमेळावा झाला, त्यात छऱ्यांच्या पिस्तुलाने नेम धरायची स्पर्धा. बायकोही रांगेत उभी राहिली. शेजारी मॅनेजरसाहेब, काळा चष्मा लावून. ती शांतपणे चाप दाबत होती. कागद आणले तर तिचा अगदी कोरा, आणि साहेबांच्या कागदावर मधोमध छऱ्यांचा झुबका. बायकोने सगळे छरे शेजारच्या कागदावर मारले होते! साहेबांचे स्वतःचे कागदांमागच्या मातीच्या ढिगात गेले असणार.

साहेब कागद बघून आधी गोंधळले, मग छाती फुगवून म्हणाले, "कॉलेजात असताना थोडा नाद होता."

दणक्याने तोंड उघडलं, तोच बायकोने त्याला कोपर मारलं. "राहू द्या हो. तुमची बढती अडलीय ना त्यांच्याकडे?"

साहेबांनी तो कागद चौकट करून केबिनमध्ये लावला. कोणी विचारलं की ते बोटाचं पेर दाखवून समजावतात, आणि दाराशी दणका ओठ चावत छताकडे बघत राहतो.